तळघरातली हवा

आमच्या सॉफ्टवेअरपुरता पार्किंगचा अर्थ सोपा आहे. गाडी आत आली की एक वाढतो, बाहेर गेली की एक कमी होतो. गाडीचा नंबर, प्रकार, आत आल्याची वेळ, भरलेले पैसे, हरवलेलं तिकीट, फास्टॅग चाललं की नाही, या सगळ्यासाठी डेटाबेसमध्ये रकाने आहेत. तिथं बारा तास उभ्या असलेल्या माणसासाठी एकच रकाना आहे, 'ऑपरेटर आयडी'. तोही पैसे कोणी घेतले हे कळावं म्हणून.

या सॉफ्टवेअरवर मी चार वर्षं काम करतोय. इंजिनिअरिंग कॉलेजात असताना आपण पुढे बूम बॅरियर वरखाली करायचा कोड लिहू असं काही वाटलं नव्हतं, पण काम वाईट नाही. बहुतेक वेळ ऑफिसातच जातो. गेल्या वर्षी मात्र पुण्यातल्या एका मॉलमध्ये आमची सिस्टिम बसवायची होती आणि तिथल्या व्यवस्थापनाला एकाच डॅशबोर्डवर सगळं हवं होतं. गाड्या, पैसे, कॅमेरे आणि बेसमेंटमधले कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर व पंखेसुद्धा. सेन्सर आणि पंख्यांचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे दीड-दोन महिने मी बी-टूवर, म्हणजे जमिनीखालच्या दुसऱ्या मजल्यावर, एका खांबाशेजारी लॅपटॉप घेऊन बसत होतो.

बी-टूला जे काका होते ते लातूरकडचे. पन्नाशी ओलांडलेली, गावी तीन एकर कोरडवाहू. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला सर. वडिलांच्या वयाच्या माणसाने सर म्हटलेलं नको वाटतं. दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. अंगावर एजन्सीचा युनिफॉर्म, त्यावर चमकतं पिवळं जॅकेट, गळ्यात शिट्टी, हातात लाल दिव्याची कांडी. दिवसभर एकच घोष: "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास." बास म्हणताना डिकीवर तळव्याने हलकी थाप.

दोन-तीन दिवस नुसतं बघितल्यावर लक्षात आलं की हे काम दिसतं तितकं सरळ नाही. मागे येणाऱ्या गाडीच्या आणि भिंतीच्या मध्ये काका कधीच उभे राहत नाहीत. ते ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसतील अशा ठिकाणी, खांबाच्या आडोशाला एक पाऊल ठेवून उभे राहतात. "आरशात त्याचं तोंड मला दिसलं पाहिजे. मला त्याचं तोंड दिसत नाही म्हणजे त्याला मी दिसत नाही," असं ते नव्या पोरांना सांगत. काचांना काळी फिल्म असेल तर आणखी दोन पावलं लांब. ऑटोमॅटिक गाडी असेल तर जास्त सावध, कारण "बिनक्लचची गाडी उडी मारते." जागेत गाडी बसत आली की लोक घाईघाईत ब्रेकऐवजी भलत्याच पेडलवर पाय देतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल त्यांची वेगळी तक्रार होती. त्या वाजत नाहीत. एपॉक्सीच्या गुळगुळीत जमिनीवर टायरचा कुंईकुंई आवाज होतो तेवढ्यावरच ओळखायचं. पावसाळ्यात रॅम्पवरून ओघळणारं पाणी नेमकं रंगवलेल्या बाणांवर साचतं आणि दुचाकी तिथंच घसरतात, म्हणून ते तिथं एक जुनं पोतं टाकून ठेवत. राऊंडला आलेला सुपरवायझर ते 'दिसायला बरं नाही' म्हणून उचलायला लावायचा. राऊंड गेला की पोतं परत जागेवर.

ही सगळी विद्या काकांची स्वतःची. एजन्सीने दिलेलं प्रशिक्षण म्हणजे दोन पानी इंग्रजी कागद आणि खाली सही. तो कागद मी वाचला. त्यात ग्राहकाशी नम्रपणे बोलावं हे तीनदा होतं आणि गाडीच्या मागे उभं राहू नये हे एकदाही नव्हतं.

औद्योगिक सुरक्षिततेत उपायांची एक उतरंड शिकवतात. आधी धोकाच काढून टाकता येतो का पाहा. नाही तर त्याजागी कमी धोक्याचं काही आणा. मग यंत्राने किंवा बांधकामाने माणूस आणि धोका वेगळे करा. त्यानंतर कामाचे नियम आणि पाळ्या बदला. यातलं काहीच जमलं नाही की सगळ्यात शेवटी अंगावर घालायच्या वस्तू, हेल्मेट, जॅकेट वगैरे. बी-टूवर यातली शेवटची पायरी होती. जॅकेट. गाडी बरोबर जागी आपोआप थांबावी म्हणून चाकाला अडणारा रबरी ठोकळा, ज्याला व्हील स्टॉपर म्हणतात, तो निम्म्या जागांना नव्हता. तिथं काका होते.

पार्किंगमधला माणूस बातमीत येतो तो काही कोसळल्यावर. १८ एप्रिल २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या अॅन स्ट्रीटवरची एक जुनी बहुमजली पार्किंग इमारत कोसळली. एकमेकींवर घसरलेल्या गाड्यांचे फोटो जगभर फिरले. त्यात जो माणूस मेला तो तिथला कर्मचारी होता. गाड्यांचे मालक तेव्हा आपापल्या कामावर होते. पार्किंगची रचनाच अशी असते, गाडीवाला तिथं पाच मिनिटं असतो. बी-टूवर काही कोसळलं वगैरे नाही. तिथली गोष्ट फार संथ आहे आणि ती मला काकांच्या डोकेदुखीमुळे कळली.

"रविवारी संध्याकाळी डोस्कं धरतंय सर. सोमवारी मोकळं." हे त्यांनी चहा पिताना सहज सांगितलं. तक्रार म्हणून नाही, आपण उकाडा फार आहे म्हणतो तसं. मी आदल्या रविवारचा डेटा उघडला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बेसमेंटमध्ये जो वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा, डिझेलच्या धुराचा, टायरचा. हा वायू श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो आणि लवकर सोडत नाही. ताज्या हवेत आल्यावरही रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि तो हा वायू बराचसा निकामी करतो, हे खरं. पण तो तापल्याशिवाय काम करत नाही, आणि तापायला गाडी थोडी चालावी लागते. मॉलच्या बेसमेंटमध्ये तर गाड्या तीन-चार तास थंड झालेल्या. सिनेमा सुटला की दोनशे गाड्या एकदम सुरू होणार, एसी लावून रॅम्पवर रांगेत उभ्या राहणार. सगळ्यात घाण हवा गाडी जिथं सुरू होते तिथं आणि ती सुरू झाल्याच्या पहिल्या मिनिटांत. त्या मिनिटांत काचा लावून आत बसलेला माणूस बाहेर पडतो. कांडी घेऊन उभा असलेला तिथंच राहतो.

रविवारच्या आलेखात अलार्म एकही नव्हता. सिस्टिममध्ये नियम असा होता: दहा लाख भागांत पन्नास भाग, म्हणजे ५० पीपीएम झाले की पंखे जोरात फिरतील, ३५च्या खाली आले की बंद होतील, १०० झाले की अलार्म वाजेल. दुपारपासून रात्रीपर्यंत रेघ करवतीच्या दात्यांसारखी वर जात होती, पन्नासला टेकत होती, पंखा लागला की उतरत होती, पंखा थांबला की पुन्हा चढत होती. सिस्टिमच्या दृष्टीने सगळं उत्तम. डॅशबोर्डवर दिवसभर हिरवा ठिपका.

मी त्या रेघेखालचं क्षेत्रफळ काढलं. बारावीच्या गणितातलं इंटिग्रेशन, दुसरं काही नाही. काकांच्या सकाळी अकरा ते रात्री अकरा या पाळीची सरासरी तिशीच्या वर आली. सोमवार ते गुरुवार ती एक आकडी होती. त्या हिरव्या ठिपक्याला प्रत्येक क्षण नवा असतो, आधीच्या मिनिटाला किती होतं याच्याशी त्याला घेणं नाही. रक्ताला मात्र ते सगळं जमेस धरावं लागतं. त्याचं गणित कोबर्न, फॉर्स्टर आणि केन या तिघांनी १९६५ साली मांडलेलं आहे: हवेत इतका वायू, इतके तास, माणूस बसलेला की राबणारा, तर रक्तात किती. ते मी वीस-बावीस ओळींत लिहून चालवून पाहिलं. रविवार रात्रीसाठी उत्तर पाच टक्क्यांच्या आसपास आलं, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात असतं तितकं. काका बिडी-सिगारेट ओढत नाहीत.

आता हे धोकादायक आहे का? इथं मला सावधपणे बोललं पाहिजे. निरोगी माणसाचं डोकं दुखायला साधारण याहून जास्त प्रमाण लागतं. हृदयाचा त्रास असलेल्याला कमी पुरतं. काकांचं डोकं वायूने दुखत होतं, की डिझेलच्या धुराने, की हॉर्नने, की दुपारचा डबा चार वाजता खाल्ल्याने, हे आलेख सांगू शकत नाही. पण मग किती चालतं हे बघायला मी मर्यादा शोधल्या आणि ते वाचन त्या डोकेदुखीपेक्षा जास्त विचित्र निघालं.

आपल्याकडे मोकळ्या हवेसाठी २००९ सालची राष्ट्रीय मानकं आहेत. त्यानुसार आठ तासांच्या सरासरीत घनमीटरला २ मिलिग्रॅमहून जास्त कार्बन मोनॉक्साइड नको. रस्त्यावरून चालणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी ही मर्यादा. दुसरीकडे १९४८च्या कारखाना कायद्याची दुसरी अनुसूची २०२५पर्यंत लागू होती. तिच्यात कामगारासाठी आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे घनमीटरला ५५ मिलिग्रॅम होती. एकाच वायूची, एकाच देशातली, एकाच फुप्फुसासाठी मर्यादा, गेटच्या अलीकडे आणि पलीकडे सत्तावीसपट फरकाची. जागतिक आरोग्य संघटनेचा आठ तासांचा आकडा १० मिलिग्रॅम, म्हणजे नऊच्या आसपास पीपीएम. आणि मॉलचा बेसमेंट? तो रस्ता नाही, कारखानाही नाही. सिस्टिम बसवणाऱ्याने पन्नास हा आकडा उचलला तो बहुधा कारखान्यांच्या जगातून, पण त्याच्या मागचं 'आठ तासांची सरासरी' हे शेपूट कापून. शिवाय आठ तास. काकांची पाळी बारा तासांची.

कायदे अर्थात पुष्कळ आहेत. तेरा जुने कायदे एकत्र करून २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची संहिता मंजूर केली, त्याआधीपासून २०२५पर्यंत कंत्राटी कामगारांचा कायदा होता, महाराष्ट्रात सुरक्षारक्षकांसाठी १९८१चा स्वतंत्र कायदा आहे. पण बी-टूवर उभं राहून 'या हवेला जबाबदार कोण' असं विचारलं की साखळी सुरू होते. मॉल म्हणतो, माणसं एजन्सीची. एजन्सी म्हणते, पंखे मॉलचे. पंख्यांची देखभाल तिसऱ्याच कंपनीकडे आणि त्यांच्या कंत्राटात लिहिलंय की पंखे 'सुरू होण्याच्या स्थितीत' हवेत. ते तसे होते. बेसमेंटमधली हवा आगीच्या वेळी तासाला १२ वेळा बदलता आली पाहिजे असं २०१६ची राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. त्यामुळे ताकदीला तोटा नव्हता. प्रश्न बटणाचा होता.

मी डॅशबोर्डवर एक रकाना वाढवला, 'पाळीची सरासरी'. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी नको असंही म्हटलं नव्हतं. आणि मग तो घेऊन तिथल्या फॅसिलिटी मॅनेजरसमोर बसलो. माणूस वाईट नव्हता. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते तंबाखू खातात ना? त्याने चढत असेल." मी सांगितलं की खाल्लेल्या तंबाखूतून कार्बन मोनॉक्साइड येत नाही, त्याला काहीतरी जळावं लागतं. मग तो खऱ्या मुद्द्यावर आला. विजेचं बिल. पंखे दिवसभर चालवायचे म्हणजे किती युनिट, हे त्याला तोंडपाठ होतं. आणि आवाज. मागच्या वर्षी ग्राहकांनी पंख्यांच्या घरघरीची तक्रार केली होती, तेव्हा वरून सांगितलं गेलं होतं की गरज असेल तेव्हाच लावा.

या ठिकाणी मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक विषय उपयोगी पडला, जो मी जेमतेम पास झालो होतो. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर हवा निम्मी जाते, पण वीज जवळजवळ एक अष्टमांशच लागते. म्हणजे पूर्ण वेगाने एक तास पंखा चालवून तीन तास बंद ठेवण्यापेक्षा निम्म्या वेगाने चारही तास चालवला तर हवा दुप्पट जाते आणि बिल निम्मं येतं. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हमध्ये थोडं वाया जातं, तरी हिशोब उलटत नाही. वेग बदलणारे ड्राइव्ह तिथं बसवलेलेच होते, कोणी वापरत नव्हतं. शिवाय मंद पंख्याचा आवाज कमी. मी कागदावर लिहून दाखवलं. मॅनेजरने कॅल्क्युलेटर काढून स्वतः पडताळलं. रक्तातल्या पाच टक्क्यांवर जे झालं नव्हतं ते पुढच्या दहा मिनिटांत झालं. शनिवार-रविवार सकाळपासून पंखे निम्म्या वेगाने चालतील असं ठरलं. दोन रविवारांनी पाळीची सरासरी दहाच्या आसपास आली. काकांना विचारलं तर म्हणाले, "आता वास कमी येतो." डोक्याबद्दल विचारल्यावर म्हणाले, "ते कधी धरतं, कधी नाही."

खुर्चीचं मात्र जमलं नाही. काकांची एक प्लास्टिकची खुर्ची होती, एका हाताची. ती खांबामागे लपवलेली असे, कारण ड्युटीवर बसणं म्हणजे झोपणं असा एजन्सीचा समज. केरळने २०१८ साली दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला, तमिळनाडूने २०२१ साली. केरळमध्ये त्यासाठी कापडाच्या दुकानांतल्या बायका कित्येक वर्षं भांडल्या. हे मी मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो हसला. "ते केरळ आहे." खुर्ची बसवायला ना वीज लागते ना ड्राइव्ह, पण तिच्यासाठी मला कुठलं समीकरण सापडलं नाही. व्हील स्टॉपर पुढच्या बजेटमध्ये घेऊ असं सांगितलं गेलं.

काम संपत आलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. काका आणि आणखी तिघे बी-थ्रीवरच्या एका खोलीत राहत होते. भाडं वाचतं आणि सकाळी लवकर गेट उघडायला माणूस हाताशी राहतो, म्हणून सगळ्यांचीच सोय. दोन खाटा, एक दोरी, दोरीवर युनिफॉर्म, देवाचा फोटो, मोबाइलचे चार्जर. दाराला खाली दोन बोटांची फट. म्हणजे चार-पाच तासांत रक्तातला वायू निम्म्यावर येतो हे मी जे वाचलं होतं ते ताज्या हवेतलं. ही माणसं पाळी संपवून आणखी एक मजला खाली जात होती.

तिथं सेन्सर नव्हता. एक जास्तीचा शिल्लक होता, तो लावायचा म्हटलं तर सिस्टिममध्ये जागेचं नाव द्यावं लागतं आणि नाव मंजूर नकाशातलंच चालतं. नकाशात ती खोली 'इलेक्ट्रिकल स्टोअर' होती. मॅनेजर म्हणाला, "रेस्ट रूम वगैरे लिहू नका हं. तिथं कोणी राहत नाही." मी इलेक्ट्रिकल स्टोअर लिहिलं आणि सेन्सर खाटेच्या उशाच्या उंचीवर लावला.

त्या स्टोअरचा आलेख वेगळाच निघाला. दिवसभर जवळजवळ सपाट, रात्री साडेअकरानंतर चढण. शेवटचा खेळ सुटायचा, शेवटच्या गाड्या निघायच्या, मॉल बंद म्हणून पंखेही त्याच मिनिटाला बंद व्हायचे. मग वरच्या रांगेने मागे ठेवलेली हवा हळूहळू सगळीकडे पसरायची आणि पहाटेपर्यंत तिथंच राहायची. आकडे फार मोठे नव्हते, अलार्मच्या जवळपासही नाही. पण शून्यावर यायला सकाळ व्हायची. वेळापत्रकात मी मंद पंख्यांना रात्री दीड वाजेपर्यंत वाढवून मागितलं. स्टोअरमधल्या पॅनलला थंड हवा मिळेल, असं कारण लिहिलं. मंजूर झालं.

शेवटच्या दिवशी काकांना सांगायला गेलो की आता रात्रीही पंखे चालतील. त्यांना कळलेलंच होतं. म्हणाले, "होय, दोन दिवस झाले चालू हायत. पण सर, डक्ट आमच्या डोक्यावरच हाय. लई घरघर होते, झोप लागंना." मी खोलीत जाऊन ऐकलं. खरंच बराच आवाज होता. डक्टचा एक जोड सैल होता, त्यावरचा पत्रा थरथरत होता. देखभालवाल्या पोराला बोलावून रबराची पट्टी घालायला सांगितली. तो म्हणाला, उद्या बघतो.